नोकरी लागली, आता आयुष्मान कार्डाचं काय? बडोद्यातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला मकरपुऱ्यात किंवा सावलीला नोकरी लागली की घरात पेढे येतात. आठवड्याभरात मात्र कोणीतरी विचारतंच, 'आता आपलं कार्ड बंद होणार का?' याचं एका शब्दात उत्तर देणारे बरेच भेटतात आणि बहुतेकांचं चुकतं, कारण उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: कार्ड कोणत्या आधारावर मिळालं आहे, नवा पगार किती आहे आणि घरात सत्तरीच्या पुढचं कोणी आहे का. खालची उत्तरं गुजरातच्या नियमांप्रमाणे आहेत. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून ऐकलेले महाराष्ट्राचे नियम इथे लागू होत नाहीत.

नोकरी लागली की आयुष्मान कार्ड आपोआप रद्द होतं का?

नाही. कारखान्याने तुमचं नाव हजेरीवर चढवलं म्हणून आयुष्मानच्या यादीतून ते गळत नाही. पण कार्ड पुढे चालू राहील का, हे ते कोणत्या वाटेने मिळालं त्यावर अवलंबून आहे. म्हणून आधी ती वाट शोधा.

पहिली वाट २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेची. त्या यादीत नाव असलेल्या कुटुंबांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि नंतर लागलेल्या खासगी नोकरीची नोंद त्या यादीत आपोआप जात नाही. दुसरी वाट गुजरात सरकारच्या 'मा' योजनेची. ही योजना २०१२ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी सुरू झाली, २०१४ मध्ये 'मा वात्सल्य' नावाने मध्यमवर्गाच्या खालच्या थरापर्यंत आली आणि पुढे आयुष्मानमध्ये विलीन झाली. बडोद्यातल्या बहुतेक मराठी नोकरदार घरांची कार्डं या दुसऱ्या वाटेची आहेत. नोकरीचा परिणामही खरा इथेच होतो, कारण इथे उत्पन्नाची मर्यादा आहे.

ती मर्यादा किती? आणि ती माझ्या पगाराची की घराची?

घराची. वर्षाला ४ लाख रुपये, संपूर्ण कुटुंबाचे मिळून. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'माझा पगार तर फक्त वीस हजार' असं म्हणून लोक निर्धास्त असतात. आता हिशेब करा: वडील मंगळ बाजारात दुकानात १५,००० वर आणि मुलगा नव्या नोकरीत २०,००० वर. महिन्याचे ३५,००० म्हणजे वर्षाचे ४ लाख २० हजार. दोघांपैकी कोणाचाही एकट्याचा पगार मोठा नाही, तरी घर मर्यादेबाहेर गेलं. महिन्याच्या भाषेत मर्यादा साधारण ३३,३३३ रुपये होते.

ज्येष्ठ नागरिकांसाठी याच योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख आहे. आशा कार्यकर्त्या, मान्यताप्राप्त पत्रकार, यू-विन (असंघटित कामगारांच्या) कार्डाचे धारक आणि राज्य सरकारचे वर्ग ३ व ४ चे फिक्स पगारी कर्मचारी हे वेगळ्या गटांतून पात्र ठरतात.

उत्पन्न सांगताना पीएफ वगैरे कापून हातात पडणारी रक्कम लिहू नका, एकूण पगार लिहा. खिडकीवर पगार स्लिप मागतात आणि आकडा जुळला नाही की फाइल परत येते.

मग पगार वाढल्या दिवशी कार्ड परत करायचं का?

तशी गरज नाही. या वाटेचं कार्ड आवकच्या, म्हणजे उत्पन्नाच्या, दाखल्यावर चालतं आणि दाखल्याची मुदत ३ वर्षं असते. तेवढ्यात पगार वाढला म्हणून कार्ड आपोआप बंद पडत नाही. मुदत संपली की नव्या दाखल्यावर नूतनीकरण करावं लागतं आणि तिथे खरं, आजचं उत्पन्न सांगावं लागतं.

इथे एक मोह होतो, तो स्पष्टच बोलू. मुलाचा पगार लपवून दाखला काढून देणारे दलाल कचेरीच्या आवारात भेटतात. दाखल्यासोबत प्रतिज्ञापत्र जातं. ते खोटं निघालं तर गुन्हा तुमच्या नावावर लागतो, दलालाच्या नाही. शिवाय मुलाचा पगार बँकेत जमा होतो, पीएफ आणि आयकरात दिसतो. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

दाखल्याची मुदत कार्डावर ठळक छापलेली नसते. म्हणून लोकांना ती इस्पितळाच्या खिडकीवरच कळते, तीही रुग्ण स्ट्रेचरवर असताना. दाखला काढल्याची तारीख रेशन कार्डाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा.

आवकनो दाखलो कुठे आणि कसा काढायचा?

शहरात नर्मदा भवनातल्या जनसेवा केंद्रात, तालुक्यात मामलतदार कचेरीत किंवा डिजिटल गुजरात पोर्टलवर. आधार कार्ड, रेशन कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल किंवा वेरा (घरपट्टी) पावती आणि घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाच्या उत्पन्नाचा पुरावा न्या. नोकरदारासाठी पगार स्लिप किंवा फॉर्म १६ चालतो.

रेशन कार्ड नीट तपासून घ्या. आयुष्मानच्या व्यवस्थेत कुटुंब कोणतं आणि त्यात कोण, हे गुजरातमध्ये रेशन कार्डावरून ओळखलं जातं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल, तर इकडचं कार्ड कितीही वैध असलं तरी तिला उपयोगाचं नाही. आधी तिकडून नाव कमी, मग इकडे वाढ, मग आयुष्मान. हा क्रम उलटा करता येत नाही.

मुलाचं वेगळं रेशन कार्ड काढलं तर आमचं कार्ड वाचेल का?

मुलगा खरोखर वेगळा राहत असेल, चूल वेगळी असेल, तर ते वेगळं कुटुंबच आहे. मग उरलेल्यांचं उत्पन्न वेगळं मोजलं जातं. एकाच वाडीतल्या एकाच घरात राहून कागदावर वेगळं व्हायचं, हा सल्ला आम्ही देत नाही. तसं केलं तर बहुतेक वेळा तोटाच होतो, कारण मुलाच्या नोकरीबरोबर येणारा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) लाभ आई-वडिलांना मिळण्यासाठी ते त्याच्यावर अवलंबून आहेत असं दाखवावं लागतं.

ईएसआय म्हणजे नेमकं काय आणि ते कोणाला लागू होतं?

कर्मचारी राज्य विमा. मूळ कायदा १९४८ चा. १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक कर्मचारी यात येतो. दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा २५,००० आहे. कर्मचाऱ्याचं ०.७५ टक्का कापलं जातं आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८,००० वेतनावर तुमचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. एवढ्या पैशांत कुटुंबासकट उपचार देणारा दुसरा विमा बाजारात मिळणार नाही.

आयुष्मानशी तुलना करताना लोक फक्त '१० लाख' हा आकडा बघतात. गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांचं संरक्षण आहे, ते खरंच मोठं आहे. पण ते भरती झाल्यावर लागू होतं. बीपीच्या रोजच्या गोळ्या, साखरेची तपासणी, तापाचं औषध यांचा खर्च आयुष्मान देत नाही. ईएसआयच्या दवाखान्यात हे सगळं मिळतं. वर आजारपणाच्या रजेत पगाराचा भाग मिळतो, बाळंतपणात २६ आठवड्यांचं वेतन मिळतं आणि कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून भरपाई मिळते. म्हणून घरात मधुमेह-बीपीचे रुग्ण असतील तर कमी पगाराची पण ईएसआय असलेली नोकरी, जरा जास्त पगाराच्या विना-ईएसआय नोकरीपेक्षा अनेकदा फायद्याची ठरते. नोकरी स्वीकारताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

पगार स्लिपवर २४,००० आहेत, म्हणजे मी ईएसआयमध्ये नाही ना?

घाईने ठरवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिने 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली. घरभाडे, वाहतूक यांसारखे भत्ते वेतनातून वगळले जातात. पण वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरतात. समजा एकूण २४,००० आहेत, मूळ पगार १२,००० आणि बाकी १२,००० घरभाडं-वाहतूक. भत्ते बरोबर निम्मे आहेत, म्हणून वेतन १२,००० धरलं जाईल आणि तुम्ही मर्यादेच्या आत याल. मूळ पगार ८,००० आणि भत्ते १६,००० असले तरी ४,००० परत वेतनात येऊन आकडा १२,००० च होईल. मनुष्यबळ विभागाकडून हा हिशेब कागदावर मागून घ्या.

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात का?

वैद्यकीय उपचार, हो. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये येणाऱ्याला सुरुवातीचे ३ महिने उपचार मिळतात आणि नोकरी त्यापुढे टिकली की त्याचा हितलाभ काळ (भरलेल्या पैशांवर लाभ मिळण्याचा ठरलेला काळ) सुरू होईपर्यंत ते चालूच राहतात. आजारपणाचा रोख पैसा मात्र लगेच नाही. नव्या माणसाचा पहिला हितलाभ काळ नोकरी लागल्यापासून ९ महिन्यांनी सुरू होतो. अंशदानाचे (ईएसआयची कपात झालेले) किमान ७८ दिवस भरलेले असतील, तर त्या काळात आजारपणासाठी सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात.

प्रत्यक्षात पहिले काही आठवडे अडतात ते नियमामुळे नाही, नोंदणीमुळे. रुजू झाल्यावर १० दिवसांत मालकाने नोंदणी करायची असते. तुमच्या हातात १० आकडी विमा क्रमांक आणि ई-पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) यायला हवं. कार्ड हातात पडल्यावर या गोष्टी त्याच दिवशी बघा: नाव आधारप्रमाणे आहे का (आडनाव आधी-नंतर झालं तरी अडतं), कुटुंबातल्या सगळ्यांची नावं आणि आधार जोडले आहेत का, आणि दवाखाना कोणता दिला आहे. गोरव्याला राहणाऱ्याला कंपनीजवळचा मकरपुऱ्याकडचा दवाखाना दिला, की आईला गुडघेदुखीत शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. दवाखाना बदलून मिळतो, पण तो तुम्हालाच मागावा लागतो.

आणखी एक चूक: आधी कुठे ईएसआयमध्ये काम केलं असेल तर जुना विमा क्रमांक नव्या मालकाला द्या. दुसरा क्रमांक निघाला की दोन्हीकडचे दिवस जोडले जात नाहीत आणि ७८ चा आकडा गाठताना तेच महागात पडतं.

आई-वडिलांना माझ्या ईएसआयमध्ये घेता येतं का?

त्यांचं सर्व मार्गांचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांपर्यंत असेल तर हो. वडिलांची पीएफची तुटपुंजी पेन्शनही यात धरतात. नव्या संहितेत नोकरदार स्त्रीच्या सासू-सासऱ्यांनाही हे दार उघडलं आहे, ते फार थोड्या सुनांना ठाऊक आहे. अल्पवयीन मुलं, शिकत असतील तर २१ वर्षांपर्यंतची मुलं आणि अविवाहित मुलगी कुटुंबात येतात. मुलगी स्वतः कमावू लागली की तिचा हिशेब वेगळा.

मी दोन्ही ठेवू शकतो का, आयुष्मान आणि ईएसआय?

सत्तरीच्या पुढच्यांसाठी उत्तर नियमातच लिहिलेलं आहे: ईएसआय किंवा खासगी विमा असला तरी त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. इतरांसाठी, आयुष्मानची पात्रता तुमच्या वाटेच्या अटींवर, म्हणजे यादी किंवा कौटुंबिक उत्पन्नावर ठरते. अटीत बसत असाल तर दोन्ही कार्डं असू शकतात. मात्र एका भरतीचा तोच खर्च दोन ठिकाणी मागता येत नाही. भरती होताना खिडकीवर कोणतं कार्ड लावायचं ते आधी ठरवा, मध्येच बदलायला गेलं की मंजुरीची प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.

घरात आजी ७४ वर्षांची आहे. नातवाच्या पगाराने तिचं कार्ड जाईल?

जाणार नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता वय वंदना कार्ड मिळतं. नातू लाख रुपये कमवत असला तरी फरक पडत नाही. कागद एकच लागतो, आधार. वय आधारवरूनच मोजतात, म्हणून जन्मसाल चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. जुन्या पिढीत हे फार आढळतं. केंद्राच्या योजनेत वर्षाला ५ लाखांचं हे संरक्षण फक्त सत्तरीच्या पुढच्यांसाठी असतं, घरातल्या लहानांबरोबर वाटून घ्यावं लागत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना मात्र दोनांपैकी एक निवडावं लागतं.

पगार २१,००० च्या वर गेला. ईएसआय त्याच दिवशी बंद?

नाही. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा अंशदानाचा एक काळ, त्याचा हितलाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा, त्याचा हितलाभ १ जुलै ते ३१ डिसेंबर. वेतन मे महिन्यात २३,००० झालं तर सप्टेंबर अखेरपर्यंत तुम्ही आतच राहता आणि कपात पूर्ण २३,००० वर होते, म्हणजे १७३ रुपये. काही कंपन्या वाढीच्या महिन्यातच कपात थांबवतात. ते चुकीचं आहे, कारण त्यामुळे पुढच्या जानेवारी-जूनचे तुमचे दिवस कमी पडू शकतात.

नोकरी सुटली तर?

घाबरून लगेच खासगी पॉलिसी घेण्याआधी तारखा मांडा. एप्रिलपासून काम करून १५ सप्टेंबरला नोकरी सोडली, तर ७८ दिवस सहज भरलेले असतात. म्हणजे येत्या जानेवारीपासून ३० जूनपर्यंत उपचार मिळतात. आधीच्या ऑक्टोबर-मार्चमध्येही काम केलेलं असेल, तर मधल्या ऑक्टोबर-डिसेंबरसाठी त्या काळाचं अंशदान कामी येतं. थोडक्यात, नियमित नोकरी करणाऱ्याला सुटल्यानंतरही सहा महिन्यांच्या वर छत्र राहतं. हे माहीत नसल्याने लोक ई-पेहचान कार्ड कपाटात टाकून खासगी दवाखान्यात पैसे भरतात.

अडचण येते ती ठेकेदाराने कापलेले पैसे भरलेच नसतील तेव्हा. अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर आपल्या क्रमांकात दर महिन्याला नोंद दिसते का, ते पाहा. दोन महिने नोंद नसेल तर मूळ कंपनीकडे लेखी जा. ठेकेदाराच्या माणसांचीही अंतिम जबाबदारी मूळ मालकावर येते.

मुलगा अप्रेंटिस आहे. त्याला ईएसआय लागू होतं?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असेल तर नाही. मकरपुरा, नंदेसरी, हालोल या पट्ट्यात आयटीआय झालेली बरीच मुलं पहिलं वर्ष अशीच काढतात. त्या वर्षात घराचं आयुष्मान कार्ड चालू ठेवणं हाच त्याचा विमा. नियुक्तीपत्रावर 'अप्रेंटिस' लिहिलंय की 'ट्रेनी', ते वाचा. नुसत्या 'ट्रेनी' या नावाने कंपनीची सुटका होत नाही.

सरकारी नोकरी लागली तर?

राज्य सरकारच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी २०२५ मध्ये गुजरात कर्मयोगी स्वास्थ्य सुरक्षा योजना मंजूर झाली. तिच्यात आयुष्मानच्याच रुग्णालयांत १० लाखांपर्यंत उपचार आहेत, कार्ड वेगळ्या मालिकेचं. रेल्वेत लागलात तर प्रतापनगरचं रेल्वे रुग्णालय आणि रेल्वेची स्वतःची व्यवस्था. वडील केंद्र सरकारात असतील आणि तुम्ही त्यांच्या सीजीएचएस कार्डावर असाल, तर एक तारीख लक्षात ठेवा: मुलगा कमावू लागला, लग्न झालं किंवा २५ वर्षांचा झाला, यातलं जे आधी होईल त्या दिवशी त्याचं नाव निघतं.

पगार मोठा आहे, कंपनीने ग्रुप मेडिक्लेम दिला आहे. तेवढं पुरे?

नोकरी असेपर्यंत. बहुतेक ग्रुप पॉलिसी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतात आणि आई-वडील बऱ्याचदा त्यात नसतातच. 'मा'ची मर्यादा ओलांडलेल्या आणि ईएसआयमध्ये न बसणाऱ्या घराला दोन्हीकडून काही मिळत नाही. त्यांनी पहिल्या पगारापासून स्वतःची पॉलिसी घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांचा थांबा-काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो पॉलिसी घेतल्यापासून मोजला जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

अडलं तर कोणाला फोन करायचा?

आयुष्मानसाठी १४५५५. ईएसआयसाठी १८००-११-२५२६. ईएसआयच्या रुग्णाने आधी ठरलेल्या दवाखान्यात जायचं. तिथून गरज पडली तर गोरव्याचं रुग्णालय आणि तिथे सोय नसेल तर त्यांच्या चिठ्ठीवर बाहेरचं. चिठ्ठीशिवाय थेट खासगीत भरती झालात तर बिल अडकतं. अपघात किंवा हृदयविकाराचा झटका असेल तर जवळच्या इस्पितळात जा, पण त्याच दिवशी दवाखान्याला कळवा आणि कळवल्याचा कागदी किंवा संदेशाचा पुरावा ठेवा. भरपाई मागताना पहिला प्रश्न तोच असतो.